गोचिडीला तालुक्याची हद्द कळत नाही, साहेब!

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. दारात कुत्रं असेल तर पूर्ण वाचा. नसेल तरी वाचा, कारण प्रश्न फक्त कुत्र्याचा नाही.

मागच्या श्रावणात आमचा वाघ्या गेला. सहा वर्षांचा, गावठी, धडधाकट. दोन दिवस भाकरीला तोंड लावलं नाही, अंग तव्यासारखं तापलेलं. सरकारी दवाखान्यात नेला. डॉक्टरांचं पद रिकामं, चार्ज दुसऱ्या साहेबांकडे, तेही आठवड्यातून दोनदा येणार. जे हजर होते त्यांनी तापाचं इंजेक्शन दिलं. "होईल बरा," म्हणाले. चौथ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी, हिरड्या पांढऱ्याफटक. गाडी करून जिल्ह्याच्या गावी नेला. तिथं रक्ताचा एक थेंब काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली बघितला आणि अर्ध्या तासात सांगितलं, बबेसिया. म्हणजे गोचीड ताप. त्याच रात्री वाघ्या गेला.

आपल्याकडं गोचीड ताप म्हटलं की लोकांना जर्सी गाय आठवते. कुत्र्याचा हा परजीवी वेगळा. गोचीड चावली की तो रक्तात शिरतो, तांबड्या पेशींत वाढतो आणि त्या फोडतो. त्याचे मोठा आणि बारीक असे दोन प्रकार आहेत, आणि दोन्हींचं औषध एक नाही. मोठ्यावर चालणारं इंजेक्शन बारक्याला पुरं पडत नाही. म्हणून आधी काचेवर रक्त बघायचं, मग सुई टोचायची. आमच्याकडं नेमकं उलटं चालतं.

आता गंमत ऐका. हा बारीक प्रकार जगात पहिल्यांदा नोंदवला गेला तो आपल्याच देशात. १९१० साली, मद्रासच्या शिकारी कुत्र्यांत आणि कोल्ह्यांत. पुढं तो जपान, अमेरिका, ऑस्ट्रेलियापर्यंत गेला. शंभराहून जास्त वर्षं झाली, आणि आमच्या तालुक्यात अजून तो बघायला काच नाही!

दुसरं उदाहरण इंग्लंडचं. परदेशातून कुत्रं आणताना त्याला गोचिडीचं औषध दिलेलं असलंच पाहिजे, असा तिथं नियम होता. २०१२ मध्ये तो काढून टाकला. २०१५-१६ च्या हिवाळ्यात एसेक्समधल्या हार्लो गावात कधीही परदेशी न गेलेल्या कुत्र्यांना बबेसिया झाला. मोजकीच कुत्री, पण देशभर बातमी झाली. तिथल्या गोचिडी गोळा करून तपासल्या, त्यांत परजीवी सापडला. नियम काढण्याची चूक त्यांनीही केलीच, पण निदान आजार कुठं पोचला हे त्यांना कळलं तरी. आपल्याला तेवढंही कळत नाही.

गेल्या वर्षभरात वाड्या-वस्त्यांवरून मला फोन आले. "दादा, आधी असं कधी नव्हतं. कुत्रं खाणं सोडतं, लाल लघवी करतं आणि मरतं." तो बबेसियाच होता असं मी म्हणणार नाही, कारण एकाचंही रक्त तपासलेलं नाही. माझं भांडण त्यावरच आहे. तपासणी नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून आजार नाही, आजार नाही म्हणून औषध नाही. कागदावर आमचा तालुका एकदम निरोगी!

लगेच काही जण म्हणतील, सगळा दोष भटक्या कुत्र्यांचा. थांबा. गोचीड पायी चालत तालुका ओलांडत नाही, ती कुत्र्याच्या अंगावर बसून गाडीतून येते. फार्महाऊसवर शहरातून आणलेलं हस्की, विनानोंदणी ब्रीडरकडून घेतलेलं पिल्लू, यांच्या कानात बोट घालून कुणी बघितलं? ब्रीडरची नोंदणी सक्तीची करणारे नियम २०१७ सालचे आहेत. आपल्या जिल्ह्यात किती जणांवर कारवाई झाली, विचारून बघा.

नसबंदीचंही तेच. २२ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की भटकी कुत्री धरा, नसबंदी करा, जंताचं औषध द्या, लस द्या आणि त्याच भागात सोडा. ठीक. पण चार गल्ल्यांतली कुत्री एकाच शेडमध्ये ठेवायची आणि गोचिडीचं औषध द्यायचं नाही, मग एकाची गोचीड चौघांवर जाणारच. कुत्र्याची गोचीड भिंतीच्या फटीत राहते. एक मादी हजारांनी अंडी घालते.

मागण्या साध्या आहेत. तालुक्याच्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शक आणि रक्त तपासणारा माणूस द्या. दर महिन्याचा आकडा फलकावर लावा. नसबंदीच्या ठेक्यात गोचिडीचं औषध घाला. ब्रीडरची नोंदणी तपासा. यातलं काहीच कोटीच्या घरातलं नाही. एका उद्घाटनाच्या मांडवाच्या खर्चात पहिलं काम होईल.

आणि आपणही सुधारू. गोचिडीवर रॉकेल ओतू नका, बोटांनी चिरडू नका. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. कान आणि पायाच्या बोटांच्या बेचक्या रोज बघा. कुत्र्यानं जेवण सोडलं तर "बघू उद्या" म्हणू नका. मी म्हणालो होतो.

सोमवारी पशुसंवर्धन कार्यालयात आणि नगरपालिकेत निवेदन देतोय. तुमच्या वस्तीवर असं कुत्रं गेलं असेल तर गाव, महिना आणि लक्षणं खाली लिहा. सरकार नोंद ठेवत नसेल तर आपण ठेवू. मग बघू कोण म्हणतं आजारच नाही.