पेशींवरील ताण आणि कर्करोग : कोलकात्यातील संशोधनाची खरी कसोटी

कोलकाता : कर्करोगाची पेशी सतत ताणाखाली जगते. वाढत्या गाठीत प्राणवायू अपुरा पडतो आणि सदोष प्रथिने साचत जातात. अशा स्थितीत निरोगी पेशी अनेकदा स्वतःला संपवते. कर्करोगाची पेशी मात्र ताण सोसण्याची यंत्रणा वापरून तग धरते. ही यंत्रणा निकामी कशी करता येईल, हा कर्करोग संशोधनातील कळीचा प्रश्न आहे. कर्करोगाच्या पेशी कशा तगतात आणि कशा मरतात, याचा अभ्यास कोलकात्यातील भारतीय रासायनिक जीवशास्त्र संस्था आणि बोस संस्था येथेही चालतो.

या दिशेने औषध घडू शकते, हे सिद्ध झाले आहे. अमेरिकेत २००३ मध्ये मान्यता मिळालेले बोर्टेझोमिब हे औषध पेशीतील निरुपयोगी प्रथिने नष्ट करणारी यंत्रणा रोखते. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगातील पेशी प्रचंड प्रमाणात प्रथिने तयार करतात. त्यामुळे हा साठा त्यांनाच अधिक मारक ठरतो.

प्रयोगशाळांचे मूल्यमापन मात्र बहुधा शोधनिबंधांची संख्या आणि त्यांना मिळालेले संदर्भ यांवर होते. हा निकष किती तोकडा आहे, हे कोलकात्याला ठाऊक आहे. पटकीचे विष शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये याच शहरात दाखवून दिले. त्याचे मोल जगाला उमगायला बराच काळ लागला.

काचपात्रात वाढवलेल्या पेशींवरील निष्कर्ष रुग्णाच्या शरीरात टिकतीलच, असे नाही. त्यासाठी रुग्णालयाची साथ हवी. १९५० मध्ये इरेन जोलिओ-क्यूरी यांच्या हस्ते सुरू झालेल्या चित्तरंजन कर्करोग रुग्णालयाची परंपरा या शहराला आहे. त्यातून उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय संस्थेचे ४६० खाटांचे दुसरे संकुल जानेवारी २०२२ मध्ये न्यू टाउन येथे सुरू झाले. प्रयोगशाळा आणि रुग्णालय एकत्र आल्यास काय साधते, हे आयआयटी मुंबई व टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्यातून घडलेल्या, २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या देशी कार-टी उपचाराने दाखवले.

२०२२ मधील जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १४ लाख नव्या रुग्णांना कर्करोगाचे निदान होते आणि नऊ लाखांहून अधिक मृत्यू होतात. त्यामुळे संशोधनाला निधी देताना किती निबंध छापले, यासोबतच किती निष्कर्ष रुग्णांच्या नमुन्यांवर पडताळले आणि किती चाचण्यांपर्यंत पोहोचले, हेही विचारले जायला हवे. मूलभूत संशोधनाला धीर लागतो. पण त्याची वाट रुग्णालयाकडे जाते की नाही, हे पाहणे धोरणकर्त्यांचेच काम आहे.