घोटीच्या घरांची मोजदाद

इगतपुरी तालुक्यातील भाताची बाजारपेठ, भाताच्या गिरण्या, मुंबई-आग्रा रस्ता, मध्य रेल्वेचे स्थानक आणि कळसूबाई-भंडारदऱ्याकडे फुटणारी वाट, एवढ्या भांडवलावर घोटीने आजवर आपला संसार चालविला. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरांचा तो रस्ता पुरा झाला. असा रस्ता ज्या मुलखातून जातो तेथे आधी जमिनीचे भाव चढतात, मागाहून इमारतींचे मजले चढतात. येथून पुढे उभी राहणारी प्रत्येक इमारत चाळीस-पन्नास वर्षे उभी राहील आणि तितकी वर्षे तीत वीज जळेल. ती किती जळावी हे केवळ पंख्याचे बटण दाबणारा ठरवीत नाही. पुष्कळसे छपर, भिंतींची दिशा आणि खिडक्यांची जागा यांनी आधीच ठरवून टाकलेले असते. म्हणून आमचा साधा प्रश्न असा की, घोटीत कोणत्या तऱ्हेच्या इमारतीला किती वीज लागते, हे आज कोणास सांगता येईल काय?

माहिती मुळीच नाही असे नव्हे. ती दोन दप्तरांत विभागून पडलेली आहे. गावोगावच्या कर आकारणीच्या नोंदवहीत, ज्यास सारे ‘नमुना ८’ म्हणून ओळखतात, मालक, भोगवटादार, क्षेत्रफळ आणि बांधकामाचा प्रकार यांची नोंद असते: मातीचे घर, दगड-विटा-मातीचे, चुना-सिमेंटचे पक्के, की आरसीसीचे. दर चार वर्षांनी फेरआकारणी व्हावी असा नियमच आहे. दुसरे दप्तर महावितरणचे. त्यात ग्राहक क्रमांक, मंजूर भार आणि दर महिन्याची युनिटे तंतोतंत आहेत. पहिल्या दप्तरास घर ठाऊक आहे पण वीज ठाऊक नाही. दुसऱ्यास वीज ठाऊक आहे पण घर ठाऊक नाही. गिरणीत आलेले भात एकाने मोजले, बाहेर पडलेला तांदूळ दुसऱ्याने मोजला आणि दोघांची गाठच पडली नाही, तर उतारा किती पडला हे कोण सांगणार? घोटीकरांस हे अधिक विशद करण्याची गरज नाही.

ही दोन दप्तरे जुळली तर दर चौरस मीटरला वर्षास किती युनिटे, असा एक सरळ आकडा हाती येतो. सारख्या क्षेत्रफळाच्या दोन दुकानांपैकी एकास दुप्पट वीज का लागते हे मग विचारता येते. उघड्या स्लॅबवर पांढरा रंग द्यावा की छपराखाली उष्णतारोधक थर घालावा, कोणत्या वस्तीचे रोहित्र मोठे करावे, कोठे भार वाढण्यापूर्वी तो कमी करणेच स्वस्त पडेल, हे अंदाजाने नव्हे तर हिशेबाने ठरविता येते. छपरावरील सौरविजेसाठी केंद्राने २०२४ मध्ये अनुदानाची मोठी योजना आणली. ती स्वागतार्ह आहे. परंतु जेथे चार महिने आभाळ फाटलेले असते त्या तालुक्यात कोणत्या छपरावर काय पिकेल, हे पाहिल्यावाचून सरसकट पत्रे वाटणे आम्हांस शहाणपणाचे वाटत नाही.

कायदे नाहीत काय? आहेत. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, इमारतींची संहिता २००७ ची, निवासी इमारतींसाठी इको-निवास संहिता २०१८ ची. २०२२ च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतीही कायद्याच्या कक्षेत आल्या. पण उंबरठा ठेवला आहे तो १०० किलोवॅट जोडभाराचा किंवा १२० केव्हीए मागणीचा, आणि इको-निवास संहितेचा ५०० चौरस मीटर भूखंडाचा. बाजारपेठेतील दुमजली घर, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड, त्या उंबरठ्याच्या पुष्कळच अलीकडे राहते. भाराची मर्यादा खाली आणण्याची मुभा कायद्याने राज्यांस दिलेली आहे. परंतु कोठवर खाली आणावी हे ठरविण्यास आकडे हवेत, आणि ते तर दोन दप्तरांत अडकलेले!

न्यूयॉर्क नगरीने २००९ मध्ये कायदा करून मोठ्या इमारतींच्या मालकांस वर्षाची वीज व पाणी यांचा हिशेब सादर करणे भाग पाडले. आज तेथील इमारतींच्या दारावर ऊर्जेची श्रेणी अक्षरांत लावलेली दिसते. इतके दूर जाण्याचेही कारण नाही. शेजारच्या इगतपुरीतील महिंद्रांच्या कारखान्यास २०१९ मध्ये कार्बन-तटस्थतेचा दाखला मिळाला. वर्षानुवर्षे ऊर्जेची नोंद ठेवल्याशिवाय असा दाखला कोणास मिळत नाही. कारखान्यास जे साधते ते गावास अशक्य का मानावे?

यावर एक आक्षेप येईल आणि तो आम्ही हलका समजत नाही. घरात अधिकारी मोजपट्टी घेऊन आला की घरपट्टी वाढते, असा लोकांचा अनुभव आहे. २०१५ नंतर भांडवली मूल्यावर आकारणी सुरू झाल्यापासून ही धास्ती वाढलीच आहे. शिवाय विजेच्या वापरावरून घर कधी रिकामे असते हेही कळते, आणि ते परक्यास कळू नये ही इच्छा अगदी रास्त आहे. तेव्हा दोन गोष्टी आदेशातच लिहिल्या पाहिजेत: जुळविलेल्या नोंदीचा उपयोग कर वाढविण्यास होणार नाही, आणि प्रसिद्ध होतील ते प्रभागांचे आकडे, घरांचे नव्हेत. १९४८ च्या जनगणना कायद्याने घरोघरची माहिती गुप्त ठेवण्याची रीत या देशात घालून दिलेली आहे. छपर कशाचे आणि भिंत कशाची हे जनगणनेच्या घरयादीत आपण निःशंक सांगतो, ते त्या हमीवरच.

खर्चही फारसा नाही. पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे गावठाणाची ड्रोनने मोजणी करून पाहिली गेली आणि २०२० पासून ‘स्वामित्व’ योजनेत ती देशभर गेली. छपरे वरून टिपलेलीच आहेत. पुढच्या फेरआकारणीच्या वेळी नोंदवहीत छपराचा प्रकार, मजल्यांची संख्या आणि वीज ग्राहक क्रमांक असे तीन रकाने वाढवावे, आणि जिल्हा परिषद, महावितरण व महाऊर्जा यांनी ते जुळविण्याचे काम एका कारकुनाच्या गळ्यात न टाकता स्वतःकडे घ्यावे. प्रारंभ शाळा, आरोग्य केंद्रे आणि सरकारी कचेऱ्या यांपासून करावा. त्यांची बिले करदात्याच्याच पैशातून भरली जातात. ती क्षेत्रफळासह सूचनाफलकावर लावण्यास कोणाच्या संमतीची वाट पाहावी लागणार नाही.