पुन्हा गाडीवर

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी आम्ही पुन्हा शाळेत जाऊन आलो. शाळा मोटारसायकल चालविण्याची, अवघी दोन दिवसांची. वस्तीत ही बातमी पसरली तेव्हा पोरांनी आमची यथेच्छ थट्टा केली. "काका, तुम्ही तं हिरो होंडाच्या जमान्यातले ड्रायव्हर, तुम्हाला कोण शिकवणार?"

त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. आम्ही 2003 साली परवाना काढला आणि सहा वर्षे गाडी दामटली. सभा, मोर्चे, वधू-वर मेळावे, कोणाच्या दाखल्यासाठी तहसील, सगळे त्याच गाडीवर. मग 2009 च्या पावसाळ्यात एका लग्नाहून परतताना वळणावर गाडी घसरली. मुलांची आई मागे एका बाजूला पाय सोडून बसली होती. आम्हाला नुसते खरचटले. तिचा उजवा कोपर मोडला. तो हात आजही पुरता सरळ होत नाही. महिन्याभरात आम्ही गाडी विकली आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिलो की रस्त्यावर तेल सांडले होते.

आता आमची बदली कळमेश्वरला झाली. नागपूरहून वीस-बावीस किलोमीटर. संध्याकाळी कचेरीतून निघायला उशीर झाला की बसची वाट पाहत उभे राहायचे, घरी यायला रात्र. शेवटी जुनी शंभर सी.सी.ची गाडी घ्यायचे ठरले. कपाटातून परवाना काढला तर त्याची मुदत 2023 सालीच संपलेली! मुदत संपून एक वर्षाच्या आत अर्ज केला तर साधे नूतनीकरण होते. वर्ष उलटले की पुन्हा चाचणी द्यावी लागते. वाचकांनी आजच आपापले परवाने काढून तारीख पाहावी. आम्ही कारकून माणूस, दुसऱ्यांचे कागद वीस वर्षे तपासत आलो, आणि आमचाच कागद राहिला.

शिकाऊ परवाना हातात आला, पण मुलांच्या आईने अट घातली. "नीट शिकून याल तरच मी मागे बसेन." म्हणून ही शाळा.

वर्गात आम्ही आठ जण. घरोघर जेवण पोचविणारी तीन मुले, एक परिचारिका, एक निवृत्त हवालदार वगैरे. शिकविणारी मुलगी सव्वीस-सत्तावीस वर्षांची असेल. पहिला तासभर तिने गाडी सुरूच करू दिली नाही. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली फक्त दोन बोटे जातील इतका आवळायचा, डोक्यावरचे हेल्मेट हाताने धरून हलविले तर डोकेही हलले पाहिजे. पट्टा न लावता घातलेले हेल्मेट पडताना आधी निघून जाते. चलन टाळण्यासाठी घेतलेली टोपली काय कामाची, हे तेव्हा कळले. खरेदी करताना आय.एस.आय.ची खूण पाहावी.

मग लाल शंकू मांडले आणि त्यांच्यामधून नागमोडी जायला सांगितले. आम्ही पहिलाच शंकू उडविला. "काका, तुम्ही शंकूकडे काहून पाहता? जिथं जायचं तिथं पाहा." नजर जिकडे, गाडी तिकडे. खड्डा चुकवू म्हणून खड्ड्याकडेच पाहत राहिलो की आपण बरोबर खड्ड्यात जातो, याचा अनुभव सर्वांनाच असेल; कारण मात्र आम्हाला आता समजले.

दुसऱ्या दिवशी ब्रेक. हा धडा आमच्या जिव्हारी लागला. आमच्या पिढीला गाडी शिकविणाऱ्यांनी एकच मंत्र दिला होता: पुढचा ब्रेक दाबशील तर तोंडावर आपटशील. म्हणून सहा वर्षे आम्ही पायाचाच ब्रेक वापरला. ती मुलगी म्हणाली, ब्रेक लागताना गाडीचे वजन पुढच्या चाकावर येते, मागचे चाक हलके होते. म्हणून थांबविण्याची जास्त ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. तो झटक्याने नव्हे, हळूहळू वाढवत दाबायचा, दोन्ही ब्रेक सोबत, आणि गाडी सरळ असताना. वळणाच्या आधी वेग कमी करायचा. ओल्या रस्त्यावर, वळणात, नुसता पायाचा ब्रेक जोरात दाबला तर मागचे चाक अडकते आणि बाजूला पळते.

आम्ही मैदानावर उभे होतो आणि डोळ्यांसमोर 2009 चे ते वळण होते. तेथे तेल नव्हते.

त्या दुपारी तिने आणखीही सांगितले. ताशी चाळीसच्या वेगात गाडी एका सेकंदात अकरा मीटर जाते, म्हणजे समोर म्हैस दिसून ब्रेकवर हात जाईपर्यंतच तेवढे अंतर संपते. वेग दुप्पट झाला तर ब्रेक लागल्यावर थांबायला चौपट रस्ता लागतो. 2022 साली देशात रस्त्यांवर 1 लाख 68 हजारांवर माणसे मेली, त्यांतली शंभरात चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची. मेयो-मेडिकलच्या शवागाराबाहेर कागदपत्रांसाठी आम्ही कितीदा उभे राहिलो आहोत. बहुतेक वेळा घरातला कमावता मुलगाच आत असतो.

घरी आलो. जेवणे झाल्यावर मुलांच्या आईला म्हटले, "तेव्हा तेल नव्हतं. ब्रेक माझा चुकला होता."

ती भांडी आवरत होती. म्हणाली, "मला माहीत आहे. मागे मीच बसले होते ना."

सोळा वर्षे तिने तेलाची गोष्ट चारचौघांत ऐकून घेतली होती. आम्हाला पुढे काही बोलता आले नाही.

शिकाऊ परवान्यावर मागे माणूस बसविता येत नाही, तेव्हा महिनाभर आम्ही एकटेच सकाळी रिकाम्या रस्त्यावर सराव केला. चाचणी पार पडली. पक्का परवाना हातात आल्यावर दुसरे हेल्मेट आणले, तिच्या मापाचे, तिला सोबत नेऊन. दुकानदाराने हलके स्वस्तातले पुढे केले, "बाईमाणसाला हे चालते" म्हणून. तिनेच ते बाजूला सारले आणि उलटून खूण पाहायला लागली.

पहिल्या रविवारी तिच्या माहेरी गेलो. ती सलवार-कमीज घालून दोन्ही बाजूंना पाय टाकून बसली. पहिल्या वळणाच्या बऱ्याच आधी आम्ही वेग कमी केला, तेव्हा खांद्यावरची तिची पकड जरा सैल झाल्याचे जाणवले.