साखर आपली, दातही आपलेच



गाळप किती झाले, उतारा किती लागला, बेण्याची नोंद कधी करायची, खताची उचल कुठून घ्यायची, हे सर्व आपल्या या पत्रिकेत दर अंकी छापून येते. ते यायलाच पाहिजे. पण ज्या तोंडाने आपण ही साखर खातो, त्या तोंडाच्या निगेविषयी एखादी ओळ छापून आल्याचे निदान माझ्या तरी आठवणीत नाही.

साखर कारखान्याच्याच पत्रिकेत 'साखरेने दात किडतात' असे लिहायचे, हे काहींना घरभेदीपणाचे वाटेल. मला तसे वाटत नाही. खत विकणारा एकरी मात्रा सांगतो. तणनाशक विकणारा पंपाला किती टाकायचे ते सांगतो. मग साखर पिकविणाऱ्याने साखरेची मात्रा सांगायला का लाजावे? उलट माझे म्हणणे असे की, साखरेविषयी खरे बोलण्याची पहिली जबाबदारी आपलीच आहे.

मिलमध्ये जे घडते, तेच तोंडात

तोडलेला ऊस गव्हाणीत पडायला दोन-तीन दिवस उशीर झाला की नुकसान होते, हे आपल्याला सांगायला केमिस्ट लागत नाही. मिलच्या खालच्या पन्हळीत रस साचून राहिला तर तो आंबतो आणि त्याला बुळबुळीत तार सुटते. हे काम जंतूंचे. ते रसातल्या साखरेवर जगतात, तिचे आम्ल करतात आणि तिच्यापासूनच डिंकासारखा चिकट पदार्थ बनवून जागा धरून बसतात. म्हणूनच कारखान्यात मिलवर गरम पाणी आणि वाफ मारून सफाई करतात, आणि रसाचा आंबटपणा मारण्यासाठी चुना घालतात.

आपल्या तोंडातही असेच चालते. दातांवर रोज जो पांढुरका मऊ थर बसतो आणि नखाने खरवडला तर निघतो, ती अशाच जंतूंची वस्ती असते. साखर पोचली की काही मिनिटांत ते आम्ल तयार करतात, आणि दातावरचे कठीण कवच त्या आम्लात थोडे थोडे विरघळू लागते. हा आंबटपणा ओसरायला अर्धा तास, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. तो ओसरतो कशाने? तर लाळेने. चुन्याचे काम तोंडात लाळ करते. आम्ल मारते, झिजलेल्या जागी कॅल्शियम परत भरते. पण तिला त्यासाठी सवड लागते. ती सवडच दिली नाही तर कवचाला भोक पडते, आणि मग खोडकिडीने पोखरलेल्या उसासारखी गत होते. वरून दात उभा दिसतो, आत पोकळ.

येथे एक गैरसमज काढून टाकू. 'साखर वाईट, गूळ चांगला' असे आपल्याकडे म्हणतात. दाताला हा फरक कळत नाही. गूळ, काकवी, रसवंतीचा रस या सगळ्यात मुख्यतः तीच साखर आहे जी आपण पोत्यात भरतो.

किती खाल्ली यापेक्षा कितीदा खाल्ली

या बाबतीत स्वीडनमधली एक हकिकत सांगण्यासारखी आहे. १९४५ नंतरच्या काही वर्षांत तेथील विपेहोल्म या मतिमंद रुग्णांच्या रुग्णालयात साखर आणि दातांचा मोठा प्रयोग झाला. त्याला मिठाई धंद्याचाही पैसा होता. बिचाऱ्या रुग्णांना न विचारता त्यांना चिकट टॉफ्या खाऊ घातल्या आणि कित्येकांचे दात गेले. हा अन्याय होता, असे आज सगळेच मानतात. पण १९५४ साली त्यातून जे निष्कर्ष बाहेर आले ते विसरता येत नाहीत. जेवणाबरोबर गोड खाल्ले तर दात फारसे किडत नाहीत. तेच गोड चिकट स्वरूपात, दोन जेवणांच्या मधे, वरचेवर खाल्ले तर भराभर किडतात. यावरून स्वीडनमध्ये मुलांना गोळ्या-चॉकलेट फक्त शनिवारी देण्याची पद्धत पडली. ती आजही पुष्कळ घरांत पाळतात.

आता आपल्याकडे पाहा. उठल्यावर चहा, धारा काढून आल्यावर चहा, बांधावर चहा, कोणी पाहुणा आला की चहा, संध्याकाळी पारावर चहा. सहा कप सहज होतात. कपाला दोन चमचे धरले तर बारा चमचे, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम साखर नुसत्या चहातून गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की, मोठ्या माणसाच्या पोटात जाणारी वरची साखर दिवसाला साधारण ५० ग्रॅमच्या आत असावी, आणि २५ ग्रॅमच्या आत असेल तर अधिक बरे. पण दातांच्या हिशेबाने त्याहून मोठी गोष्ट ही की, या सहा चहांनी लाळेची सहा वेळा सवड मोडली.

'मग काय साखर बंद करायची? आपणच आपल्या पोटावर पाय द्यायचा?' असे कोणी विचारील. तसे मुळीच नाही. सणाची पुरणपोळी, लग्नातली बुंदी, जेवणातला शिरा खुशाल खावा. दोन चहा कमी करावेत, किंवा बिनसाखरेचे घ्यावेत. मुलांना खाऊ द्यायचाच तर आठवडी बाजाराच्या दिवशी द्यावा, रोज दुकानात पाठवून नव्हे. एवढ्याने आपल्या उसाचा दर पडणार नाही. आपली कितीतरी साखर शीतपेये, बिस्किटे आणि मिठाई करणाऱ्यांकडे जाते. ती पाच-दहा रुपयांच्या पुड्यात भरून आपल्याच पोरांच्या दातांवर परत येते, हा व्यवहार मात्र आपल्या फायद्याचा नाही. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, ही म्हण आपल्याच शिवारात जन्मलेली आहे.

सहा वर्षांची दाढ

'दुधाचे दात आहेत, पडायचेच आहेत, कशाला उगी खर्च?' हे वाक्य घरोघरी ऐकू येते. दुधाचे २० दात असतात, आणि त्यांतल्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. त्या किडून लवकर काढल्या तर पक्क्या दातांची जागा आक्रसते आणि दात वेडेवाकडे येतात. शिवाय ठणकत्या दाढेने मूल जेवत नाही, रात्री झोपत नाही, शाळेत लक्ष देत नाही, ते वेगळेच. बेणे निरोगी असावे म्हणून आपण बेणेप्रक्रिया करतो. मुलाच्या बाबतीत मात्र पीक उभे राहिल्यावर बघू म्हणतो.

त्याहून मोठी चूक पुढे होते. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून ती आल्याचे आई-बापाला कळत नाही, आणि कळले तरी ती दुधाचीच वाटते. ती पक्की दाढ असते, जन्मभराची. गेली की दुसरी येत नाही. तिच्यावर खोल खाचा असतात आणि त्यांत कीड लवकर शिरते. दातांचे डॉक्टर या खाचा वेळीच लेप देऊन बुजवू शकतात. पहिली-दुसरीत मूल असेल तर आज रात्री त्याला उजेडात घेऊन तोंड उघडायला लावा आणि ही दाढ बघा.

आणखी एक. तान्ह्या बाळाला साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवू नये. झोपेत लाळ कमी सुटते आणि ते गोड दूध रात्रभर पुढच्या दातांवर राहते.

मोठ्यांच्या हिरड्या आणि मशेरी

मोठ्या माणसांचे दात किडीने जातात तसेच हिरड्यांच्या दुखण्यानेही जातात. हा रोग हुमणीसारखा. हुमणीने मुळ्या खाल्लेला ऊस वरून बरा दिसतो आणि हाताने ओढला की अलगद उपसून येतो. तसेच घासताना रक्त येते, तोंडाला वास मारतो, माणूस दुर्लक्ष करतो, आणि पन्नाशीत धडधाकट दात हलू लागतात. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी विशेष जपावे. मधुमेहाने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांनी साखर ताब्यात राहायला अडचण होते, असे हे दुहेरी आहे.

दातांवर जमलेले कीटण डॉक्टरकडून काढून घेतले तर दात हलतात, वरची दाढ काढली तर डोळा जातो, या समजुतींना काही आधार नाही. कीटण काढल्यावर दात हलतो असे वाटते, कारण तो आधीच सैल झालेला असतो. बाजारात बसून दातातली कीड काढून दाखविणाऱ्यांपुढेही तोंड उघडू नये. किडलेल्या दातात अळी नसते.

आता थोडे स्पष्ट लिहितो, त्याबद्दल भगिनींनी राग मानू नये. मशेरी, जिला कोणी मिश्री म्हणतात, हे दंतमंजन नव्हे. तो तव्यावर भाजलेला तंबाखू आहे. 'लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोके चढते' असे बायका सांगतात. ती दातांची गरज नव्हे, तंबाखूची तलफ आहे. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ सालीच बंदी केली. पण घरच्या तव्याला बंदी कोण करणार? ते घरानेच करायचे आहे. गरोदरपणी मशेरी लावली तर बाळ कमी वजनाचे जन्मते, आणि वर्षानुवर्षे लावली तर तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो.

पुरुष मंडळींनी हसू नये. त्यांच्या चंचीतही तेच आहे. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील जवळपास दर चार प्रौढांमागे एक जण बिनधुराचा तंबाखू खाणारा निघाला. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या कुठे मिळतात हे गावात सगळ्यांना ठाऊक असते. नुसती सुपारीही निर्दोष नाही, तिनेही कॅन्सर होतो. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का पाहावे. जात नसतील, किंवा तोंडात पांढरा-लाल चट्टा असेल, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठावा. हंगाम संपण्याची वाट पाहू नये.

रोजचे काम थोडेच आहे

सकाळी आणि रात्री झोपताना, दोन वेळा, दोन मिनिटे, मऊ ब्रशने दात घासावेत. रात्रीचे घासणे जास्त महत्त्वाचे. पेस्ट फ्लोराइडची घ्यावी. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरे, आणि ती थुंकायला शिकवावे. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असलेल्या गावांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊन ठरवावे. राखुंडी, कोळसा, विटेची भुकटी यांनी दात चकचकीत दिसतात, पण राखेने खसाखसा घासून भांड्याची कल्हई उडावी तसे वरचे कवच झिजते. कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी वापरायची तर मऊ चावून हलक्या हाताने वापरावी. मात्र तिच्यात फ्लोराइड नसते, म्हणून रात्री ब्रश हवाच.

कारखान्याने काय करावे

हे सारे एकेकट्यावर सोडून भागणार नाही. ज्या प्रवरा परिसरात महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेथेच लोणीला आज दंत महाविद्यालय आहे. कराडलाही आहे. दातांचे काम सहकाराच्या माणसांना परके नाही. तेव्हा आपल्या संचालक मंडळापुढे चार गोष्टी ठेवतो.

एक, सवलतीची साखर वाटताना प्रत्येक घरातले कोणी ना कोणी गट ऑफिसला येतेच. त्या दिवशी तेथे दातांचा डॉक्टर बसवावा.

दोन, २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेतील मुलांचे दातही तपासतात. पण तपासून पुढे काय? ज्यांना उपचार सांगितले त्या मुलांना दवाखान्यापर्यंत नेण्यासाठी कारखान्याने गाडी द्यावी.

तीन, तोडणी कामगारांच्या तळावर हंगामात निदान एकदा तोंड-तपासणी व्हावी आणि त्यांच्या मुलांना ब्रश-पेस्ट मिळावी. आपला ऊस त्यांच्या कोयत्यावर कारखान्यात पोचतो. त्यांची पोरे फडाच्या कडेला बिस्किटांवर दिवस काढतात, हे आपण रोज बघतो.

चार, कारखान्याच्या सभांतून चहात साखर वेगळी ठेवावी. ज्याला हवी तो घालील. सुरुवात आपल्यापासून झाली तर लोक ऐकतील.

या कामाला एखाद्या सत्काराच्या खर्चाएवढाही पैसा लागणार नाही. शिबिर भरवून, फोटो काढून मोकळे होऊ नये, एवढेच सांगणे. येत्या वार्षिक सभेत अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय येतील, तेव्हा हा विषय मी मांडणार आहे. ज्यांना पटले त्यांनी अनुमोदन द्यावे, न पटले त्यांनी उठून विरोध करावा. पण दाताचा विषय आपल्या सभेत एकदा निघू द्या. दात आहेत तर चणे नाहीत, अशी आपल्या वाडवडिलांची गत होती. आज चणे आहेत. ते खायला दात ठेवणे आपल्या हाती आहे.

— एक ऊस उत्पादक सभासद