आधी खोली ऐकावी

गणपतीसाठी मुंबईहून म्हसळ्याला येणाऱ्या चाकरमान्याच्या सामानात पूर्वी धूप-कापूर, नवे कपडे आणि मुलांचा खाऊ असे. आता त्यांच्या जोडीला पुष्कळदा पाच लहान स्पीकर आणि एक जाडजूड पेटी असलेला होम थिएटरचा खोका असतो, आणि आखातात नोकरीला असलेला मुलगा रजेवर आला तर त्याच्याबरोबर भिंतभर टीव्हीही येतो. परगावी राबून मिळवलेल्या पैशातून घरच्या वडीलधाऱ्यांना सुख द्यावे, या इच्छेविषयी मला आदर आहे, आणि म्हणूनच सांगावेसे वाटते की हा खर्च बहुधा उलट्या क्रमाने होतो. यंत्र आधी ठरते; ज्या खोलीत ते वाजायचे, त्या खोलीचा विचार कुणीच करीत नाही.

आमचे जुने घर कौलारू होते. वर लाकडी वासे आणि सामानाने भरलेला माळा, खाली शेणाने सारवलेली जमीन, भिंतींना मातीचा लिंपणगिलावा. बोललेला शब्द त्या खडबडीत पृष्ठभागांत जिरून जाई. त्याच जागी चिऱ्याच्या भिंतींना सिमेंटचा गुळगुळीत गिलावा, वर स्लॅब आणि खाली चकचकीत टाइल्स अशी बैठकीची खोली उभी राहिली, तिच्यात नवा संच सुरू झाला, आणि पहिल्याच संध्याकाळी आत्या म्हणाली, "गाणं ऐकू येतंय रे, पण बोलतात काय ते कळत नाही." ज्या दुकानातून संच आणला तेथे विचारले, तर आवाज वाढवा असा सल्ला मिळाला. वाढवला, शब्द अधिकच बुडाले.

दोष आत्याच्या कानांचा नव्हता. खोलीच्या मधोमध उभे राहून एक टाळी वाजवली, तर टाळीमागून तारेसारखा झणत्कार उमटत होता. विजापूरच्या गोलघुमटात एक हाक पुन्हा पुन्हा परत येते हे आपण कौतुकाने ऐकतो, परंतु त्या घुमटाखाली बसून कुणी संवादप्रधान नाटक पाहू म्हणेल तर त्याच्या पदरी काय पडेल? हार्वर्ड विद्यापीठातील एका नव्या व्याख्यानगृहात हीच आपत्ती ओढवली होती: वक्त्याचा शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही आणि पुढचे शब्द त्यात विरून जात. १८९५ साली वॉलेस सॅबिन या तरुण अध्यापकाकडे ते काम सोपवण्यात आले, तेव्हा त्याने शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, एकेक वाढवीत घुमण्याचा काळ मोजला, आणि सकाळ होण्यापूर्वी त्या जागच्या जागी नेऊन ठेवल्या. खोली जितकी मोठी तितका घुमण्याचा काळ अधिक, आणि ध्वनी शोषणाऱ्या वस्तू जितक्या जास्त तितका तो कमी, हा आजही प्रमाण मानला जाणारा नियम त्या गाद्यांच्या ने-आणीतून सिद्ध झाला.

आम्ही आत्याच्याच पेटाऱ्यातील दोन जाड गोधड्या काढल्या. एक बसण्याच्या जागेमागील भिंतीवर, भिंतीपासून चार बोटे सोडून टांगली; दुसरी टीव्हीसमोरच्या टाइल्सवर अंथरली; खिडक्यांना जाड पडदे लावले. टाळीचा झणत्कार गेला, आवाज पूर्वीपेक्षा कमी ठेवूनही संवाद सुटे सुटे कानी येऊ लागले, आणि या सगळ्याला खर्च पडला तो पडद्यांचा.

यंत्र घेताना खोक्यावरच्या वॅटच्या आकड्यांना भुलू नये. 'पीएमपीओ' म्हणून छापलेल्या हजारोंच्या आकड्यांना कोणतेही निश्चित माप नाही. 'आरएमएस' वॅट किती ते विचारावे, आणि तेथेही ध्यानात ठेवावे की शक्ती दुप्पट झाली तरी ध्वनी वाढतो तो अवघा ३ डेसिबलने. दहा बाय बारा फुटांच्या खोलीसाठी, माझ्या मते, पाच हलक्या स्पीकरांपेक्षा दोन चांगले स्पीकर घेणे केव्हाही शहाणपणाचे. ते दोन आणि ऐकणाराचे डोके मिळून समभुज त्रिकोण व्हावा. पाचांचाच संच हवा असेल तर संवाद प्रामुख्याने ज्यातून येतात त्या मधल्या स्पीकरवर सर्वांत अधिक पैसा घालावा, आणि बाजूचे दोन ऐकणाराच्या किंचित मागे, कानाच्या उंचीहून थोडे वर लावावेत. टीव्ही मात्र शोकेसच्या माथ्यावर चढवू नये, कारण मान वर करून तीन तास बसणे म्हाताऱ्या माणसाला शिक्षा आहे. पंचावन्न इंची पडदा सात-साडेसात फुटांवरून, बसल्या नजरेच्या रेषेत पाहावा.

खर्जाची जी जाडजूड पेटी, तिला सोय पाहून कोपऱ्यात सारण्याचा सर्वत्र प्रघात आहे, आणि कोपऱ्यात तिचा घुमारा सर्वाधिक होतो. तिच्यासाठी एक जुनी युक्ती आहे: पेटी आपल्या बसण्याच्या जागी ठेवावी, ओळखीचे गाणे लावावे, आणि आपण भिंतीच्या कडेकडेने, कान जमिनीशी नेत, रांगत फिरावे, जेथे ढोलकीचा प्रत्येक ठोका घट्ट आणि वेगळा ऐकू येईल, तेथे पेटीची कायमची जागा मुक्रर करावी.

आता पावसाचे. चार महिने पत्र्यावर कोसळणाऱ्या सरींशी स्पर्धा करण्यासाठी आवाज वाढवीत नेणे व्यर्थ आहे; ज्यांच्या घरांवर पत्रे आहेत त्यांनी खाली लाकडी तक्तपोशी करून घ्यावी, तीच रक्कम मोठ्या संचावर घालू नये. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर या तालुक्यातील कित्येक गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले. तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे की संच विकत घेण्यापूर्वी वायरमनला बोलावून अर्थिंगची तपासणी करून घ्यावी. आपली जांभ्याची जमीन चैत्र-वैशाखात ठणठणीत कोरडी पडते, अर्थिंगच्या खड्ड्यातील मीठ-कोळसा वर्षानुवर्षे कुणी पाहिलेला नसतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत वळवाच्या विजा कडाडतात. आभाळ भरून येताच, गडगडाट सुरू होण्यापूर्वीच विजेचा प्लग तर काढावाच, पण छपरावरच्या डिशची केबलही सोडवून ठेवावी; पुष्कळ जण ती विसरतात, आणि विजेचा लोळ छपरावरून थेट टीव्हीत उतरण्याचा मार्ग मोकळा राहतो.

सध्या म्हसळ्यात आणि आसपासच्या वाड्यांत जुनी घरे पाडून नवी बांधण्याचे काम जागोजाग चालले आहे. जे आज पाया खणत आहेत त्यांनी गवंडी आणि वायरमन यांना समोरासमोर बसवून, गिलावा होण्यापूर्वीच टीव्हीच्या भिंतीपासून बसण्याच्या जागेमागील भिंतीपर्यंत एक इंची नळी टाकण्याची तजवीज करावी. स्पीकरची तार तिच्यातून जाईल आणि उंबऱ्यावर म्हातारे माणूस अडखळणार नाही. आणि जुन्या पेटाऱ्यातल्या गोधड्या भंगारवाल्याला देऊ नयेत.