मुलांचा वकील वाचवा

निठारी हे नोएडाच्या सेक्टर ३१ ला लागून असलेलं गाव. २००५-०६ मध्ये तिथल्या मजुरांची आणि घरकाम करणाऱ्या बायांची मुलं एकामागून एक नाहीशी होत होती आणि आईबाप पोलीस चौकीचे उंबरे झिजवत होते. पळून गेली असेल, नातेवाइकांकडे बघा, येईल परत, अशी उत्तरं घेऊन ते घरी येत. २९ डिसेंबर २००६ रोजी एका बंगल्यामागच्या नाल्यातून मुलांचे अवशेष निघाले. पोलीस निलंबित झाले, खटले चालले, फाशीच्या शिक्षा झाल्या, आणि २०२३ ते २०२५ या काळात वरच्या न्यायालयांत आरोपी सुटलेही. तपास किती ढिसाळ होता, हे न्यायालयांनीच निकालांत लिहून ठेवलं. एवढं होऊन त्या आईबापांच्या हाती काय लागलं? काहीच नाही.

ती पहिली तक्रार नोंदवून घेतली गेली असती तर? ठाण्यातल्या टेबलापाशी त्या आईच्या शेजारी कायदा जाणणारं एक माणूस उभं असतं तर? हे विचारणं अनेकांना भाबडेपणाचं वाटेल. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला ते वाटलं नाही. 'बचपन बचाओ आंदोलन'च्या याचिकेवर १० मे २०१३ रोजी न्यायालयानं आदेश दिला की, हरवलेल्या मुलाची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचाच, आणि अपहरण किंवा मानवी तस्करी झाली आहे असं आधी गृहीत धरूनच तपासाला लागायचं. त्याच आदेशात आणखी एक गोष्ट होती, आणि तिच्याकडे आपलं फारसं लक्ष गेलं नाही. विधी सेवा प्राधिकरणाचा किमान एक स्वयंसेवक प्रत्येक ठाण्यात पाळीपाळीनं हजर असावा आणि मुलांच्या तक्रारी कशा हाताळल्या जातात यावर त्यानं नजर ठेवावी, असंही त्यात म्हटलं होतं. ठाण्यात 'पीएलव्ही', म्हणजे 'पॅरा-लीगल व्हॉलंटिअर', म्हणतात तो हाच. तो वकील नसतो. वस्तीतली शिकलेली बाई, निवृत्त शिक्षक, कायद्याचा विद्यार्थी, असा कुणीही प्रशिक्षण घेऊन स्वयंसेवक होतो आणि तुटपुंज्या मानधनावर काम करतो.

प्रत्येक ठाण्यात, प्रत्येक पाळीला असं माणूस आज दिसत नाही. आणि ही फक्त दिल्ली-नोएडाची कथा म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत अत्याचार सोसलेल्या चिमुकल्या मुलींच्या पालकांना गुन्हा नोंदवून घेण्यासाठी तासन्‌तास ताटकळावं लागलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या त्या आदेशाला अकरा वर्षं होऊन गेली होती. लोक रेल्वे रुळांवर उतरले आणि त्यांचा संताप खरा होता. पण त्या ठाण्यात पाळीवर स्वयंसेवक का नव्हता, हे त्या गर्दीत कुणी विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

दिल्लीत, आणि दिल्लीला खेटून असलेल्या नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम, फरिदाबादमध्ये गेल्या तीन-चार दशकांत मुलांसाठी मोफत वकिलीची एक साखळी उभी राहिली. ती वाचवा, हेच या लेखाचं आवाहन आहे.

या साखळीचा पाया कायद्यात आहे. १९७६ च्या घटनादुरुस्तीनं कलम ३९-अ आलं, १९८७ मध्ये विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो लागू झाला. त्याच्या कलम १२ नुसार अठरा वर्षांखालच्या मुलाला मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. हे वाक्य मला प्रत्येक शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं बघायचं आहे. बाप श्रीमंत असो की गरीब, मुलाला वकील मिळालाच पाहिजे, इतका तो हक्क स्पष्ट आहे. पण कायदा मुलाच्या शेजारी जाऊन बसू शकत नाही, त्याला माणसं लागतात. किंग्जवे कॅम्पच्या सेवा कुटीरमध्ये, दिल्ली गेटपाशी, विश्वास नगरला बाल न्याय मंडळापुढे उभे राहणारे पॅनेलवरचे वकील आहेत. 'हक', 'बटरफ्लाइज' यांसारख्या संस्थांचे कार्यकर्ते आहेत. 'सलाम बालक ट्रस्ट' आहे. 'सलाम बॉम्बे' या आपल्या मुंबईवरच्या चित्रपटातून १९८८ मध्ये या संस्थेचा जन्म झाला, आणि नवी दिल्ली स्थानकाच्या फलाटांवरची, पहाडगंजच्या गल्ल्यांतली मुलं तिनं आपली मानली. पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनात उतरलेल्या कित्येक मराठी प्रवाशांनी ही मुलं येता-जाता पाहिली असतील.

ही माणसं नेमकं काय करतात, ते एका उदाहरणानं सांगतो, कारण बाहेरून बघणाऱ्याला वकिली म्हणजे कोर्टातलं भाषण वाटतं. मुलांच्या बाबतीत अर्धी लढाई वयाची असते. चोरीच्या संशयावरून एक पोरगा पकडला जातो. त्याला स्वतःचं वय ठाऊक नसतं. कारखान्यात काम मिळावं म्हणून त्यानं कधीतरी अठरा सांगितलेलं असतं, तेच कागदावर येतं. एकदा कागदावर अठरा आलं की तो मोठ्यांच्या कोर्टात जातो आणि तिथून मोठ्यांच्या तुरुंगात. बाल न्याय कायद्याचं कलम ९४ सांगतं की आधी शाळेचा दाखला बघा. तो नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीची जन्मनोंद बघा, आणि तीही नसेल तरच हाडांची तपासणी करा. त्या तपासणीत वर्ष-दोन वर्षं इकडची तिकडे होतात, आणि सतरा वर्षांच्या मुलासाठी ती दोन वर्षं म्हणजे आयुष्य असतं. आता हा दाखला आणायचा कुठून? बिहारच्या किंवा उत्तर प्रदेशच्या एखाद्या खेड्यातल्या शाळेतून, जी त्यानं तिसरीत सोडली. मुख्याध्यापकांचा फोन शोधणं, रजिस्टरमधलं पान काढायला लावणं, त्याची प्रत मागवून घेणं, ती तारखेच्या आत मंडळासमोर ठेवणं, हे काम कुठलंही यंत्र करत नाही. एखादा स्वयंसेवक दिवसभर फोन लावत बसतो तेव्हा ते होतं.

हे काम झालं नाही की काय होतं, हेही दिल्लीनं पाहिलेलं आहे. तिहार तुरुंगात मोठ्या कैद्यांबरोबर अल्पवयीन मुलं ठेवली असल्याचं बालहक्कांसाठी झटणाऱ्या वकिलांनी उजेडात आणलं. दिल्ली उच्च न्यायालयानं ते प्रकरण स्वतःहून हाती घेतलं आणि मे २०१२ मध्ये आदेश दिले. अटकेच्या वेळीच वयाची नोंद कशी करायची, कोणती कागदपत्रं तपासायची, हे पोलिसांना ठरवून दिलं. पुढे २०२१ मध्ये त्याच न्यायालयानं मुलांवरचे किरकोळ गुन्ह्यांचे, वर्षाहून अधिक काळ रखडलेले खटले बंद करायला सांगितलं. कायद्यात मुदत होतीच, चार महिने आणि फार तर आणखी दोन. ती संपून गेल्यावरही मुलं तारखांना हजर होत होती, आई मजुरी बुडवून सोबत येत होती. ही मुदत न्यायालयापुढे मांडणारं कुणी होतं, म्हणून शेकडो मुलं सुटली.

अत्याचार सोसलेल्या मुलीची गोष्ट याहून अवघड. पॉक्सो कायद्याचं कलम ४० तिला स्वतःचा वकील देतं. सरकारी वकील असतो, पण तो राज्याचा असतो. मुलीला पुन्हा पुन्हा साक्षीला बोलावलं जाऊ नये, आरोपी तिच्या समोर येऊ नये, तिचं नाव कुठं फुटू नये, अंतरिम भरपाई वेळेत तिच्या खात्यात पडावी, यासाठी झगडणारा माणूस फक्त तिचा असावा लागतो. करकरडूमा न्यायालयात २०१२ मध्ये नाजूक साक्षीदारांसाठी देशातली पहिली वेगळी व्यवस्था सुरू झाली. पण सुंदर खोली बांधली तरी त्या खोलीपर्यंत मुलीचा हात धरून नेणारं कुणीतरी लागतंच.

शाळेच्या दारातही हीच माणसं उभी राहिली. 'सोशल ज्युरिस्ट'चे वकील अशोक अग्रवाल यांचं काम पाहा. सरकारी सवलतीच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या खासगी शाळांनी गरीब मुलांसाठी राखीव जागा भराव्यात, हा मुद्दा त्यांनी उच्च न्यायालयातून मान्य करून घेतला, तोही शिक्षणहक्क कायदा येण्याच्या कितीतरी आधी. २००९ मध्ये दिल्लीच्या शाळांत विशेष शिक्षक नेमण्याचा आदेश आला, तोही त्यांच्याच याचिकेवर. आणि एप्रिल २०२४ मध्ये महापालिकेच्या शाळांतली मुलं नवं वर्ष सुरू होऊनही पुस्तकांविना बसली होती, तेव्हा स्थायी समिती अस्तित्वात नाही ही सबब न्यायालयानं ऐकून घेतली नाही आणि आयुक्तांना खर्चाची मोकळीक दिली.

ही साखळी आता एकेका कडीनं ढिली होते आहे. २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. अशी देणगी एका संस्थेनं दुसऱ्या संस्थेला द्यायची नाही आणि व्यवस्थापनावर वीस टक्क्यांच्या वर खर्च करायचा नाही, असं ठरलं. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२२ मध्ये हे बदल वैध ठरवले. पैशाचा हिशेब द्यायलाच हवा, याबद्दल माझं दुमत नाही. पण मोठ्या संस्थेकडून वस्तीतल्या छोट्या गटापर्यंत पोहोचणारी मदत त्यामुळे आटली. आणि ज्या कामात पगार हाच मुख्य खर्च असतो, तिथं वकिलाचा पगार 'व्यवस्थापन' ठरतो की 'काम', यावर सगळं अडतं. २०२३ मध्ये १०९८ ही मुलांची हेल्पलाइन संस्थांकडून सरकारी यंत्रणेकडे गेली आणि ११२ शी जोडली गेली. १९९६ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून ती सुरू झाली होती. फोन उचलणारा आणि रात्री स्थानकावर धावत जाणारा एकाच संस्थेचा असायचा, मुलाला ओळखणारा असायचा. ती ओळख पुसली गेली, तर नंबर तोच राहूनही मदत तीच राहणार नाही. जुलै २०२३ मध्ये दिल्लीच्या बालहक्क आयोगाच्या अध्यक्षांची मुदत संपली, आणि नवी नेमणूक न झाल्यानं आयोग दीर्घ काळ ठप्प राहिला. तक्रार घेऊन जायचं दारच बंद झालं.

त्यात या महानगराला सीमा आहेत. मूल राहतं गाझियाबादला, राबतं दिल्लीतल्या कारखान्यात, सापडतं फरिदाबादच्या गाडीत. तीन राज्यं, तीन प्राधिकरणं, तीन बाल कल्याण समित्या. फाइल एकीकडून दुसरीकडे जाताना मूल हरवू नये, याची काळजी एखादी सामाजिक कार्यकर्ती वाहते. तिची नोकरी वर्षाच्या कंत्राटावर असते आणि ते कंत्राट पुढच्या वर्षी मिळेल याची खात्री नसते.

शीला बारसे यांची आठवण इथं काढायलाच हवी. मुंबईच्या या पत्रकार बाईंनी कोठडीतल्या स्त्रियांच्या हालांबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्यातून १९८३ चा निकाल आला, आणि अटक झाली की जवळच्या विधी सहाय्य समितीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक झालं. पुढे तुरुंगांत खितपत पडलेल्या सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी त्या देशभर फिरल्या, आणि १९८६ मध्ये न्यायालयानं जिल्हा न्यायाधीशांना तुरुंगांची पाहणी करायला लावली. तारखा लांबत गेल्या, तेव्हा उद्विग्न होऊन त्यांनी याचिका मागे घ्यायची परवानगी मागितली. १९८८ मध्ये न्यायालयानं ती नाकारली आणि प्रकरण विधी सहाय्य समितीच्या हाती देऊन पुढे चालवलं. एक बाई थकली तरी मुलांचा दावा थांबला नाही, कारण तो उचलून धरणारी संस्था जागेवर होती. आज एखादा कार्यकर्ता थकला, तर त्याचा दावा कोण उचलणार?

म्हणून मागणं थेट मांडतो. दिल्लीत वकिली करणाऱ्या मराठी मित्रांनो, मैत्रिणींनो, दिल्ली राज्य विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलसाठी अर्ज करा. आठवड्यातला एक दिवस बाल न्याय मंडळाला द्या आणि वयाच्या एका प्रकरणाचा दाखला शेवटपर्यंत पाठपुरावा करून मिळवा. पुण्या-मुंबईहून दिल्लीला कायदा शिकायला गेलेल्या मुलामुलींनो, सुट्टीतली इंटर्नशिप मोठ्या फर्मऐवजी बालहक्कांवर काम करणाऱ्या एखाद्या संस्थेत करून बघा. तुम्हाला बिहारी आणि हरियाणवी बोली कळायला लागतील, आणि त्या या कामात इंग्रजीपेक्षा जास्त उपयोगी पडतात. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनी तो इथल्या संस्थांना द्यावा, इथल्या बँकेतून, दरमहा. परदेशी देणगीवरचं अवलंबित्व संपवायचं असेल तर देशी हात पुढे आलेच पाहिजेत. आणि देताना 'पगारावर खर्च करू नका' अशी अट घालू नये. इथं पगार म्हणजेच काम.

घरच्या महाराष्ट्रातही हेच करायचं आहे. १५१०० हा विधी सेवेचा क्रमांक आणि १०९८ हा मुलांचा, दोन्ही आपल्या सोसायटीच्या फलकावर आणि शाळेच्या फाटकावर आजच लावा. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. तिथं जाऊन विचारा, आपल्या बाल न्याय मंडळापुढे मुलांसाठी किती वकील नेमलेले आहेत आणि त्यांना मानधन शेवटचं कधी मिळालं? मग आपल्या पोलीस ठाण्यात जा आणि पाळीवरच्या विधी स्वयंसेवकाचं नाव विचारा. नाव मिळालं नाही, तर २०१३ च्या आदेशाची तारीख लिहून माहिती अधिकारात अर्ज टाका, आणि त्याची प्रत आपल्या आमदाराला द्या.