तंजावरचा दमट तळहात आणि माऊसचा हातमोजा

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयक कायदा संमत केला. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवरील बंदीची चर्चा देशभर झाली; त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली, ही बाब मात्र बातम्यांच्या तळाशी राहिली. एखादी गोष्ट खेळ ठरली की खेळाडूच्या शरीराचे आणि साधनांचे विज्ञान ओघाने येते. धावपटूचा बूट, यष्टिरक्षकाचे ग्लोव्हज, नेमबाजाचे जाकीट यांवर प्रयोगशाळांतून काम होते आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. माऊसने खेळणाऱ्या मुलाने हातात मोजा चढवला, की मात्र घरातील वडीलधारी मंडळी हसतात. या हसण्याला भौतिकशास्त्राचा आधार नाही.

हा हातमोजा पूर्ण नसतो. अंगठा, तर्जनी आणि मध्यमा उघडी राहतात, कारण माऊसची बटणे त्यांनी दाबायची असतात आणि तेथे त्वचेचा स्पर्श हवाच. झाकली जाते ती अनामिका, करंगळी, तळहाताची बाहेरची कड आणि मनगट. पॅडवर घासतो तो नेमका हाच भाग. माऊसच्या तळाला टेफ्लॉनचे गुळगुळीत तुकडे बसवलेले असतात. त्यांचा घर्षणांक ०.१ च्या आसपास असतो. त्वचेचा घर्षणांक कोरडी असताना त्याच्या कित्येक पट, आणि किंचित ओली झाली की १ च्याही पुढे जाऊ शकतो. म्हणजे महागडा माऊस लोण्यासारखा सरकतो, पण त्याला धरणारा हात चिकटून बसतो.

शाळेत शिकवलेला घर्षणाचा नियम येथे अपुरा पडतो. आमोंतॉं याने १६९९ मध्ये मांडलेल्या नियमानुसार घर्षण भारावर अवलंबून असते, स्पर्श करणाऱ्या क्षेत्रफळावर नाही. लाकूड-धातूंना तो बराचसा लागू पडतो. विसाव्या शतकात बाउडेन आणि टेबर यांनी दाखवले, की खरा स्पर्श पृष्ठभागांच्या सूक्ष्म उंचवट्यांवरच होतो आणि घर्षण त्या खऱ्या स्पर्शक्षेत्राशी निगडित असते. त्वचेचा बाहेरचा थर ओलाव्याने मऊ होतो, दबतो, पॅडच्या खाचाखोचांत बसतो आणि स्पर्शक्षेत्र वाढते. म्हणून कोरड्यापेक्षा दमट हात अधिक चिकटतो. पाण्याचा थरच साचला तर पुन्हा घसरण वाढते. पण खेळाडूचा हात बहुधा या दोहोंच्या मधल्या, सर्वांत वाईट अवस्थेत असतो.

येथे तंजावरसारख्या गावाचा प्रश्न उभा राहतो. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील हे शहर उन्हाळ्यात भाजते आणि ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात ओलसर असते. वातानुकूलित खोलीत सराव करणारा खेळाडू आणि पंख्याखाली बसलेला तेथील विद्यार्थी यांच्यात कौशल्याचा फरक मोजण्याआधीच तळहाताचा फरक पडलेला असतो. शिवाय तळहाताचा घाम प्रामुख्याने मनाच्या ताणाने सुटतो, हवेच्या उष्णतेने तितका नाही. सामना रंगात आला, नेम अर्ध्या सेंटीमीटरने सरकवायचा आहे, आणि नेमक्या त्याच क्षणी हात अधिक चिकट होतो. आधी हात अडतो, मग जोर लावताच एकदम सुटतो आणि नेम लक्ष्याच्या पलीकडे जातो. मोठ्या हालचालीत हे झाकले जाते. सूक्ष्म हालचालीत तेच निर्णायक ठरते. सेकंदाच्या हजाराव्या भागाचा विलंब कमी करणाऱ्या माऊसवर हजारो रुपये खर्च करून हा दोष तसाच ठेवणे, याला व्यवहारज्ञान म्हणता येत नाही.

तंजावरला तरी हे नवीन वाटू नये. फणसाच्या लाकडाची तेथील वीणा भौगोलिक मानांकन मिळवून बसली आहे. ती वाजवणारे वादक डाव्या हाताच्या बोटांना तेल लावतात, कारण गमक घेताना तारेवरून बोट अडखळता कामा नये. जवळच्याच तिरुचिरापल्लीत जन्मलेल्या सी. व्ही. रामन यांनी वीणेच्या तारांचे आणि घोडीचे भौतिकशास्त्र शतकापूर्वी अभ्यासले. महाराष्ट्रात मल्लखांबाला एरंडेल चोळतात, कॅरमच्या पटावर पावडर टाकतात. हात आणि साधन यांच्यातील घर्षण आपल्या सोयीचे करून घेणे ही जुनीच विद्या आहे. तेल माऊसला चालत नाही, म्हणून कापड आले, इतकेच.

कापड कोणते, हा प्रश्न मात्र गंभीर आहे. जुन्या सुती पायमोज्याची टोके कापून घरीच हातमोजा करणारी मुले आहेत आणि त्यांची कल्पना वाईट नाही. पण सूत आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा सामान्य हवेतच धरून ठेवते; नायलॉन सुमारे चार टक्के, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. सुती मोजा पहिला अर्धा-पाऊण तास उत्तम चालतो, मग घामाने भिजतो आणि स्वतःच पॅडला चिकटू लागतो. पातळ, ताणले जाणारे नायलॉन वा पॉलिएस्टरचे विणकाम घाम पृष्ठभागावर पसरवून लवकर वाळवते. असे विणकाम करण्यात तिरुप्पूरचा हात देशात कोणी धरू शकत नाही, आणि वस्त्रांची शास्त्रीय चाचणी करणारी सिट्रा ही संस्था कोइमतूरला आहे. तंजावरहून दोन्ही ठिकाणे एका दिवसाच्या प्रवासात येतात. असे असताना घामाने ओल्या झालेल्या हातमोज्याचा घर्षणांक किती, एवढा एक आकडाही वेष्टनावर का छापला जाऊ नये?

त्याऐवजी वेष्टनावर असते ते भलतेच. मनगटातील नस दबण्याचा विकार टळतो, रक्ताभिसरण सुधारते, थकवा येत नाही. घर्षण कमी होणे आणि विकार टळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मनगट तासन्‌तास मागे वाकलेले राहिले, टेबल उंच असले, विश्रांती घेतली नाही, तर पातळ कापडाचा तुकडा त्यावर उपाय ठरत नाही. उलट घट्ट मोज्याने दाब वाढूही शकतो. बोटांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होत असेल, तर त्या मुलाला डॉक्टरकडे न्यावे. नवा मोजा मागवण्यात गेलेले महिने परत मिळत नाहीत. याच तंजावरात सरफोजीराजे दुसरे यांनी दोनशे वर्षांपूर्वी डोळ्यांच्या रुग्णांची चित्रे आणि उपचारांच्या नोंदी ठेवल्या. त्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. आजच्या विक्रेत्याकडे नोंदीची अपेक्षा धरली, तर ती अवास्तव म्हणता येणार नाही.

तोपर्यंत खेळाडूने स्वतःच मोजावे. नेम धरण्याचा एकच सराव वीस वेळा करावा. दर वेळी नाणे उडवून मोजा घालायचा की नाही ते ठरवावे, म्हणजे सरावाने होणारी प्रगती मोज्याच्या खात्यावर जमा होणार नाही. लक्ष्यापर्यंतचा वेळ आणि चुका वहीत लिहाव्यात. एकदा पंखा चालू ठेवून, एकदा बंद करून. शिवाय पहिल्या पाच मिनिटांत एकदा आणि तासाभराने पुन्हा, कारण दुकानात कोरडा असताना सगळाच मोजा छान सरकतो.